देव आहे, देव असावा, देव असता

संस्कृतच्या तासाला ज्यांनी धातू चालवले आहेत, त्यांना तो ठेका जन्मभर सोडत नाही. गच्छति, गच्छतः, गच्छन्ति. अर्थ मागे राहतो आणि नाद पुढे जातो. पुण्या-मुंबईत स्पॅनिश शिकणाऱ्यांच्या वर्गातही हेच चालते. द्विवचन नसल्यामुळे नवाऐवजी सहाच रूपे, पण घोकणे तेच. बहुतेक ठिकाणी सुरुवात ‘आब्लार’ म्हणजे बोलणे, किंवा ‘आमार’ म्हणजे प्रेम करणे, या धातूंनी होते. ज्याला घोकता घोकता विचारही करायचा आहे, त्याने मात्र ‘एक्सिस्तिर’ हा धातू हाती घ्यावा. अर्थ: अस्तित्वात असणे. अगदी नियमित, सरळ स्वभावाचा धातू. त्याचे एकही रूप वाकडे जात नाही.

कर्त्याच्या जागी ‘दिओस’, म्हणजे देव, ठेवून तो चालवून पाहावा.

दिओस एक्सिस्ते: देव आहे. दिओस एक्सिस्तिओ: देव होता, आणि ते असणे संपले. दिओस एक्सिस्तीआ: देव होता, असायचा, संपला की नाही, याबद्दल क्रियापद काही बोलत नाही. दिओस एक्सिस्तिरा: देव असेल. दिओस एक्सिस्तिरीआ: देव असता. इथपर्यंत मराठी माणूस बिनधास्त सोबत येतो. मग पुढचे रूप येते, ‘एक्सिस्ता’, आणि पाय अडखळतो. या रूपाचे एकट्याचे भाषांतर होत नाही. ‘देव असावा’ म्हणावे तर थोडे जास्त होते, ‘देव असो’ म्हणावे तर थोडे निराळे. कारण हे रूप सहसा एकटे उभे राहत नाही; त्याच्या आधी कुणीतरी काहीतरी म्हणावे लागते. मला शंका आहे, की देव… माझी इच्छा आहे, की देव… मला वाटत नाही, की देव…

आस्तिक आणि नास्तिक यांचा वाद रंगला की प्रश्न हमखास दोनच खान्यांत टाकला जातो: आहे की नाही, ते सांगा. प्रत्यक्षात फार थोडी माणसे त्या दोन खान्यांत राहतात. आजारी मुलाच्या उशाशी बसलेली आई, निकालाच्या आदल्या रात्री देवळात जाणारा आणि एरवी न जाणारा मुलगा, चर्चमध्ये रोज जाऊनही मनात खळबळ असलेला धर्मगुरू, ही सगळी मधल्या वस्तीत राहतात. तर्काच्या पुस्तकांत या वस्तीचा नकाशा क्वचित सापडतो. स्पॅनिश क्रियापदाच्या तक्त्यात मात्र तो बराच तपशिलाने काढलेला आहे.

तक्ता तसा मोठा आहे. स्पॅनिश धातूंचे तीन गण, आर, एर आणि इर या शेवटांवरून पडलेले. स्पेनची शाही भाषा अकादमी, जिची स्थापना १७१३ साली झाली, तिने या तीन गणांचे नमुने म्हणून ‘आमार’, ‘तेमेर’ आणि ‘पार्तिर’ हे धातू ठेवले आहेत: प्रेम करणे, भिणे, निघून जाणे. निवड व्याकरणाच्या सोयीची असेल, पण हे तीन शब्द एका ओळीत वाचताना डोळा क्षणभर थांबतोच. अकादमीच्या तक्त्यात विधान करणाऱ्या क्रियापदाचे दहा काळ आहेत, आणि ज्याला शिकणारे विद्यार्थी सब्जंक्टिव्ह म्हणतात त्याचे सहा. आज्ञेचे रूप वेगळे. सब्जंक्टिव्ह या लॅटिन नावाचा अर्थ ‘खाली जुंपलेले’. त्यातले जुंपणे संस्कृतातल्या युज् धातूच्याच कुळातले. दुसऱ्या क्रियापदाच्या जुवाखाली चालणारे, असे हे रूप.

युरोपीय व्याकरणात याला ‘मोदो’ म्हणतात, म्हणजे रीत, ढंग. मराठी व्याकरणकारांनी त्यासाठी जो शब्द घेतला तो अधिक खोल जातो. ते त्याला क्रियापदाचा ‘अर्थ’ म्हणतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. शाळेत हे चार शब्द पाठ करताना कुणी सांगत नाही, की यातला ‘स्वार्थ’ हा आपमतलब नव्हे. क्रियापदाने स्वतःचाच अर्थ तेवढा सांगणे, त्यात इच्छा, आज्ञा, अट काही न मिसळणे, तो स्वार्थ. ‘दिओस एक्सिस्ते’ हे स्वार्थातले वाक्य. स्पॅनिश सब्जंक्टिव्हचा संसार मराठीत विध्यर्थ आणि संकेतार्थ यांनी वाटून घेतला आहे, आणि काही भाग तर मराठी साध्या स्वार्थावरच भागवते.

स्पॅनिशचे पहिले छापील व्याकरण १८ ऑगस्ट १४९२ रोजी सालामांका शहरात प्रसिद्ध झाले. कर्ता आन्तोनिओ दे नेब्रिखा. ग्रंथ राणी इसाबेलला अर्पण केलेला. बोलीभाषेला लॅटिनसारखे नियमांत बसवण्याचा तो एक मोठा प्रयत्न होता. नेब्रिखाने मोदो पाच मानले, आणि त्यांत इच्छेसाठी एक स्वतंत्र ठेवला होता. पुढच्या व्याकरणकारांनी तो सब्जंक्टिव्हमध्ये विलीन केला. रूपे सारखीच आहेत, मग दोन नावे कशाला, हा त्यांचा हिशेब बरोबर होता. तरीही इच्छेला स्वतःचे घर देणाऱ्या जुन्या माणसाच्या नजरेत काहीतरी होते, असे वाटत राहते. लॅटिनच्या या चौकटी मिशनऱ्यांच्या सामानातून जगभर गेल्या. दोमिंगो दे सान्तो तोमास याने १५६० साली पेरूच्या केचुआ भाषेचे व्याकरण छापले. आणि ‘क्रिस्तपुराण’कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांनी कोकणीचे जे व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिले, ते त्यांच्या पश्चात १६४० साली गोव्यात रायतूरला छापले गेले. परक्या माणसाला देवाबद्दल सांगायचे, तर आधी त्याची क्रियापदे चालवता आली पाहिजेत, हे या मंडळींना पक्के ठाऊक होते.

आता मूळ मुद्दा. स्पॅनिशमध्ये ‘क्रेओ के दिओस एक्सिस्ते’ म्हणजे मी मानतो, की देव आहे. मानणे होकारी असले की पुढचे क्रियापद स्वार्थात. ‘नो क्रेओ के दिओस एक्सिस्ता’ म्हणजे देव आहे असे मी मानत नाही. मानण्यावर नकार आला आणि ‘एक्सिस्ते’चे ‘एक्सिस्ता’ झाले. मराठीत ही दोन वाक्ये ‘आहे’ याच शब्दावर उभी आहेत: देव आहे असे मानतो, देव आहे असे मानत नाही. स्पॅनिशमध्ये तसे चालत नाही. तिथे बोलणाऱ्याला प्रत्येक वेळी ठरवावे लागते, की पुढच्या वाक्याची हमी तो घेतो आहे की नाही, आणि एका स्वराच्या फरकाने ते ऐकवावे लागते.

तिसरे वाक्य याहून महत्त्वाचे: ‘क्रेओ के दिओस नो एक्सिस्ते’. मी मानतो, की देव नाही. ‘नो’ एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी बसला, आणि क्रियापद पुन्हा स्वार्थात आले. हा पक्का नास्तिक. तोही हमी घेतो, फक्त उलट बाजूची. मधल्या वाक्यातला माणूस मात्र कशाचीच हमी घेत नाही. त्याच्यासाठी इंग्लंडमध्ये टॉमस हक्सलेला १८६९ साली ‘ॲग्नॉस्टिक’ हा नवा शब्द घडवावा लागला. स्पॅनिश व्याकरणात त्याची जागा त्याआधी कितीतरी शतके तयार होती. रोजच्या बोलण्यात या दोन वाक्यांतला फरक पुसट होतो, हे खरे. ‘मानत नाही’ म्हणणाऱ्या पुष्कळांना ‘नाही असेच मानतो’ म्हणायचे असते. पण ज्याला फरक करायचा आहे, त्याला भाषेने साधन दिले आहे.

पुष्कळ पाठ्यपुस्तके इथे एक घाई करतात. स्वार्थ म्हणजे खरे, सब्जंक्टिव्ह म्हणजे खोटे किंवा अनिश्चित, असा सोपा नियम ती सांगून टाकतात. तो टिकत नाही. ‘मे आलेग्रा के एक्सिस्तास’: तू आहेस याचा मला आनंद वाटतो. ‘तू’ समोर बसलेला आहे, त्याच्या असण्यात तिळमात्र शंका नाही, तरी क्रियापद सब्जंक्टिव्हमध्ये आहे. कारण बोलणारा ‘तू आहेस’ ही बातमी देत नाही. ते तर दोघांनाही माहीत आहे. तो आनंद सांगतो आहे, आणि असणे त्या आनंदाच्या जुवाखाली चालते आहे. म्हणजे हा अर्थ संशयाचा नाही, तो विधान न करण्याचा आहे. भक्ताच्या बोलण्याकडे या दृष्टीने पाहिले तर बऱ्याच गोष्टी उलगडतात. देवाशी बोलणारा माणूस ‘तू आहेस’ असे विधान क्वचितच करतो. तो हट्ट करतो, रागावतो, आभार मानतो, रुसतो. देवाचे असणे त्या सगळ्याच्या पोटात असते. तर्कशास्त्री येऊन ते पोटातले बाहेर काढून टेबलावर ठेवायला सांगतो, तेव्हा भक्त गोंधळतो. आणि त्या गोंधळालाच पुष्कळदा श्रद्धेचा पराभव समजले जाते.

हाच भेद संबंधी वाक्यांतही आहे. ‘बुस्को आल दिओस के मे एस्कूचा’: माझे ऐकणाऱ्या त्या देवाला मी शोधतो आहे. तो आहे, ऐकतो, फक्त सापडायचा आहे. ‘बुस्को उन दिओस के मे एस्कूचे’: माझे ऐकेल असा एखादा देव मी शोधतो आहे. असा कुणी आहे की नाही, माहीत नाही. मराठीतही ‘ऐकणारा’ आणि ‘ऐकेल असा’ यांत हा फरक लख्ख उतरतो. एकाच देवळाच्या रांगेत ही दोन्ही माणसे उभी असतात. बाहेरून ती अगदी सारखी दिसतात.

एक सावधगिरी इथे घ्यायला हवी. ‘एक्सिस्तिर’ हा धातू चालणे, बोलणे, खाणे यांच्यासारखाच चालतो, म्हणून असणे ही त्यांच्यासारखीच एक क्रिया आहे, असा भास होतो. अकराव्या शतकात संत आन्सेल्मने देवाच्या अस्तित्वाचा जो प्रसिद्ध तर्क मांडला, त्यात असणे हे परिपूर्णतेच्या हिशेबात धरले होते: ज्याहून मोठे काही कल्पिता येत नाही, ते केवळ मनात असेल तर ते सर्वांत मोठे कसे? कान्टने १७८१ साली याला उत्तर दिले, की असणे हा वस्तूचा गुणच नव्हे. मनातल्या शंभर नाण्यांत आणि खिशातल्या शंभर नाण्यांत नाण्यांच्या वर्णनापुरता काहीच फरक नसतो. व्याकरणाचा तक्ता आन्सेल्मच्या बाजूने साक्ष देतो असे वाटेल. ती साक्ष ग्राह्य धरू नये. धातू नियमित चालतो, यावरून जगाबद्दल काही सिद्ध होत नाही. माणसे जगासमोर कशी उभी राहतात, एवढेच त्यावरून कळते, आणि इथे प्रश्न तेवढाच आहे.

भविष्यकाळाचेच पाहा. ‘एक्सिस्तिरा’ म्हणजे असेल. पण ‘एक्सिस्तिरा दिओस?’ असा प्रश्न स्पॅनिश माणूस स्वतःशी करतो, तेव्हा तो पुढच्या वर्षीची चौकशी करत नसतो. देव असेल का? आत्ता, या घटकेला असेल का? स्पॅनिशमध्ये अंदाज भविष्यकाळाच्या रूपाने बोलला जातो. किती वाजले असतील, तो कुठे असेल, दार कुणी वाजवले असेल. मराठी या बाबतीत स्पॅनिशची सख्खी बहीण शोभावी: ‘तीन वाजले असतील’ या वाक्यात भविष्य कुठेच नाही, फक्त घड्याळ जवळ नाही. जे पुढे आहे आणि जे भिंतीपलीकडे आहे, ते दोन्ही सारखेच न दिसणारे, म्हणून दोघांना एकच रूप. शिवाय मराठीपाशी ‘असावा’ आहे, आणि ते स्पॅनिशपाशीही नाही. ‘तो घरी असावा’ यात अंदाज आहे. ‘मित्र असावा तर असा’ यात अपेक्षा आहे. ‘देव असावा’ म्हणणारा मराठी माणूस यांतले नेमके काय म्हणतो, ते त्याला स्वतःलाही वेगळे काढता येत नाही, आणि ते न काढता येणे हीच त्याची खरी अवस्था असते.

या भविष्यकाळाचा जन्मही पाहण्यासारखा आहे. लॅटिनमध्ये ‘आमारे हाबेओ’ म्हणजे मला प्रेम करायचे आहे, माझ्याकडे ते करणे बाकी आहे. हे दोन शब्द घासून एक झाले आणि स्पॅनिशचे ‘आमारे’, मी प्रेम करीन, तयार झाले. ज्याला आज काळ म्हणतात, ते मुळात देणे होते. म्हणूनच असेल, मोशेच्या दहा आज्ञा धर्मशिक्षणाच्या स्पॅनिश प्रश्नोत्तरीत ऐकताना त्यांतला भविष्यकाळ परका वाटत नाही. ‘नो मातारास’: तू मारणार नाहीस. ‘नो रोबारास’: तू चोरणार नाहीस. आज्ञार्थ वापरलेलाच नाही. ‘मातार’, मारणे, हाही नियमित धातू. याच धातूचे एक जवळजवळ मेलेले रूप स्पेनच्या कायद्यात अजून श्वास घेत आहे. १९९५ च्या दंडसंहितेतले मनुष्यवधाचे १३८ वे कलम ‘मातारे’ असे म्हणते: जो कुणी मारील, त्याला दहा ते पंधरा वर्षे तुरुंग. हा सब्जंक्टिव्हचा भविष्यकाळ. पोर्तुगीजमध्ये तो आजही बाजारात बोलला जातो. स्पॅनिशमध्ये तो कायद्यात आणि काही म्हणींत उरला आहे. एकाच धातूची ही दोन रूपे शेजारी ठेवली, तर देवाची आज्ञा आणि राज्याची आज्ञा यांतला फरक दिसतो. राज्य गृहीत धरते, की कुणीतरी मारीलच. देवाचे वाक्य तू मारणार नाहीस असे धरून चालते. त्यात आज्ञा आहे आणि माणसावर टाकलेला विश्वासही आहे.

आपल्याकडे क्रियापदातून आज्ञा कशी येते, या प्रश्नावर मीमांसकांनी जितके बारीक काम केले, तितके जगात कुठे झाले नसेल. जैमिनीच्या दर्शनात धर्म कळतो तो वेदातल्या प्रेरणावाक्यांतून. आणि ती प्रेरणा क्रियापदाच्या नेमक्या कुठल्या भागात आहे, यावर कुमारिल भट्ट आणि प्रभाकर यांच्या परंपरांनी शतकानुशतके वाद घातला. यजति, म्हणजे यज्ञ करतो. यजेत, म्हणजे यज्ञ करावा. मध्ये फक्त प्रत्यय बदलतो, आणि त्या प्रत्ययाने माणूस जागचा उठतो, तो कसा? कुमारिलांच्या मते त्या प्रत्ययाच्याच अंगी प्रवृत्त करणारी शक्ती आहे, तिला त्यांनी शाब्दी भावना म्हटले. वेदांच्या भाषेत लेट् नावाचा एक लकार होता, इच्छेचा आणि संकल्पाचा. अभिजात संस्कृतात तो गळून गेला. भाषाशास्त्रज्ञ त्याला वैदिक सब्जंक्टिव्हच म्हणतात.

इच्छेच्या बाबतीत स्पॅनिशने एक शब्द परक्या घरातून घेतला, आणि तो आता तिच्या हृदयाजवळ आहे: ‘ओखाला’. अंदालुसियाच्या अरबीतल्या ‘लौ शा ल्लाह’, म्हणजे ईश्वराने इच्छिले तर, या शब्दांतून तो आला. इबेरियात अरबांचे पाऊल ७११ साली पडले. ग्रानादाचे शेवटचे मुस्लिम राज्य जानेवारी १४९२ मध्ये गेले, त्याच वर्षी ज्यूंना हद्दपार केले गेले, आणि १६०९ ते १६१४ या काळात बाटवलेल्या मुस्लिमांच्या वंशजांनाही घालवून दिले. माणसे गेली. शब्द राहिला, आणि ज्यांनी त्यांना घालवले त्यांच्याच तोंडी राहिला. हद्दपार झालेले ज्यू आपली जुनी स्पॅनिश घेऊन भूमध्य समुद्राच्या पलीकडे गेले. ते देवाला ‘दिओस’ म्हणत नाहीत, ‘एल दिओ’ म्हणतात. शेवटचा ‘स’ त्यांच्या कानाला अनेकवचनासारखा लागतो, आणि देव एकच आहे. हा ‘स’ लॅटिनच्या एकवचनाचाच अवशेष आहे, असे व्याकरण सांगेल. त्यांच्या कानाने व्याकरणापेक्षा श्रद्धेचे ऐकले, आणि त्यांचा तो अधिकार होता.

‘ओखाला’नंतर सब्जंक्टिव्हच लागते, आणि तिथे तीन पायऱ्या आहेत. ‘ओखाला एक्सिस्ता’: असो, असण्याची शक्यता आहे. ‘ओखाला एक्सिस्तिएरा’: असता तर बरे होते, आशा थकलेली आहे. ‘ओखाला उबिएरा एक्सिस्तिदो’: तेव्हा असायला हवा होता, आता काही उपाय नाही. मधल्या पायरीवरचे ‘-एरा’ रूप तर एकेकाळी साधे विधान होते. लॅटिनमध्ये आणि जुन्या स्पॅनिशमध्ये ते घडून गेलेल्या गोष्टीबद्दल ठामपणे सांगे. शतकांच्या ओघात ते सरकत सरकत न घडलेल्याच्या बाजूला आले.

आता या शब्दाचा उगम आठवून ‘ओखाला दिओस एक्सिस्ता’ हे वाक्य पुन्हा वाचावे. देवाची इच्छा असेल, तर देव असो. बोलणाऱ्याला हे जाणवत नाही, शब्द इतका गुळगुळीत झाला आहे. तरी देवाच्या असण्याची शंका बोलून दाखवणाऱ्या वाक्यातच देवाच्या इच्छेचा हवाला आहे, आणि तोही दुसऱ्या धर्माच्या भाषेतून आलेला. श्रद्धा आणि शंका एका वाक्यात इतक्या शेजारी नांदताना क्वचितच सापडतील.

स्मशानातही हेच रूप भेटते. स्पॅनिश जगातल्या थडग्यांवर ‘देस्कान्से एन पास’ असे कोरलेले असते. ‘देस्कान्सार’, विसावणे, हा नियमित धातू. ‘देस्कान्सा’ लिहिले असते तर अर्थ झाला असता: शांतीत विसावला आहे. ‘देस्कान्से’ म्हणजे विसावो. एका स्वराचा फरक, पण त्यामागे मोठे धर्मशास्त्र उभे आहे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ साली स्पष्ट सांगितले, की विशेष साक्षात्कार झाल्याखेरीज आपण निवडलेल्यांतले आहोत असे कुणीही पूर्ण खात्रीने समजू नये. मेलेल्याबद्दलही तेच. संत म्हणून ज्यांना घोषित केले, त्यांच्याबद्दल चर्च स्वार्थात बोलते; बाकी सर्वांसाठी प्रार्थनेचे रूप. दगडावर टाकी चालवणाऱ्याने परिषदेचे ठराव वाचलेले नसतात. त्याच्या भाषेला ते ठाऊक असते.

ख्रिस्ती परंपरेत तीन ईश्वरी सद्गुण मानले आहेत: श्रद्धा, आशा, प्रीती. स्पॅनिशमध्ये त्यांची क्रियापदे ‘क्रेएर’, ‘एस्पेरार’ आणि ‘आमार’. यातले ‘एस्पेरार’ विलक्षण आहे. त्याचा अर्थ आशा धरणे, आणि वाट पाहणेही. दवाखान्यातल्या प्रतीक्षागृहाची पाटी आणि माणसाच्या अंतरीची आशा एकाच धातूतून येतात. वैद्य आणि विचारवंत पेद्रो लाईन एन्त्राल्गो यांनी १९५७ साली या दोन अर्थांच्या नात्यावर मोठा ग्रंथच लिहिला. ‘एस्पेरे’ म्हणजे वाट पाहिली, संपले. ‘एस्पेराबा’ म्हणजे वाट पाहत होतो, पाहत असे. आणि ‘एस्पेरो’च्या पुढे येणारे क्रियापद सहसा सब्जंक्टिव्हमध्ये: तो येवो, अशी वाट पाहतो आहे. मानण्यापुढे विधान येते, आशेपुढे येत नाही. आशा धरणारा माणूस कशाचीच हमी देत नाही, तरी दारातून हलत नाही. मराठीने यासाठी ‘वाट पाहणे’ हा शब्द घडवला. त्यात येणारा दिसत नाही, फक्त वाट दिसते. पंढरीच्या परंपरेला ते चित्र नवे नाही.

उरला ‘क्रेएर’. मानणे, श्रद्धा ठेवणे. त्याच्या शेजारी ठेवण्यासारखा दुसरा धातू आहे ‘क्रेआर’, निर्माण करणे. प्रथम पुरुषी एकवचनात दोघांचे रूप एकच: ‘क्रेओ’. मी मानतो, मी निर्माण करतो. पुढच्या रूपांत ते वेगळे होतात: तो मानतो, ‘क्रेए’, तो घडवतो, ‘क्रेआ’. पण सब्जंक्टिव्हचा नियम असा, की आर-गणाच्या धातूंना तिथे ‘ए’ लागतो आणि एर-गणाच्या धातूंना ‘आ’. म्हणजे विधानाचे घर सोडून इच्छेच्या घरात जाताना हे दोन धातू आपसांत कपडे बदलतात. त्याने मानावे, ‘क्रेआ’. त्याने घडवावे, ‘क्रेए’. मिगेल दे उनामुनो या विचारवंताला या शब्दखेळाने आयुष्यभर पछाडले होते. सालामांकाला तो ग्रीकचा प्राध्यापक होता, विद्यापीठाचा कुलगुरूही झाला. जे पाहिले नाही ते मानणे म्हणजे श्रद्धा, ही प्रश्नोत्तरीतली व्याख्या त्याला अपुरी वाटे. जे दिसत नाही ते घडवणे ही श्रद्धा, असे त्याने मांडले. त्याची ही मांडणी दर वेळी पटत नाही. घडवलेल्या देवाची वाट कोण पाहणार? पण त्या प्रश्नातून त्याने स्वतःलाही सोडले नाही.

१९३१ साली त्याची ‘सान मान्युएल ब्वेनो, मार्तिर’ ही छोटी कादंबरी प्रसिद्ध झाली. सामोरा प्रांतातल्या सानाब्रिआ सरोवराला तो आदल्या वर्षी भेट देऊन आला होता. त्या सरोवराच्या तळाशी एक गाव बुडाले आहे आणि सान हुआनच्या रात्री त्याच्या घंटा ऐकू येतात, अशी तिथली दंतकथा. कादंबरीतला डॉन मान्युएल हा अशाच एका सरोवरकाठच्या गावचा धर्मगुरू. गाव त्याला संत मानते. तो मरणाऱ्यांच्या उशाशी बसतो, गरिबांची लाकडे फोडून देतो, लोकांना नाचायला लावतो. मरणानंतरच्या जीवनावर त्याचा विश्वास नाही, आणि हे तो गावाला कळू देत नाही, कारण त्या विश्वासावर गाव जगते आहे.

रविवारी सारे गाव चर्चमध्ये श्रद्धेची कबुली एका आवाजात म्हणते. नायसिआच्या परिषदेत ३२५ साली ग्रीकमध्ये जी कबुली ठरली, तिचे पहिले क्रियापद अनेकवचनी होते: आम्ही मानतो. गाव म्हणते ती लॅटिन परंपरेतली कबुली मात्र एकवचनी आहे, आणि स्पॅनिशमध्येही ती ‘क्रेओ’ अशीच आली. म्हणून गावातला प्रत्येक जण एकट्यापुरते ‘मी मानतो’ म्हणतो, आणि सगळे ते मिळून म्हणतात. देहाच्या पुनरुत्थानाच्या आणि अखंड जीवनाच्या ओळीपाशी आल्यावर डॉन मान्युएलचा आवाज थांबतो. तेवढी ओळ गाव त्याच्याशिवाय म्हणते.